कोटिंगला गेलेली गाडी

केशवभाऊ इंगळे यांना त्यांच्या एकुलत्या एका मुलाने फसवलं. मुलाचं नाव अविनाश, मुक्काम पुणे. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नांदुऱ्यात ही गोष्ट निघाली की लोक "तसं पाहिलं तर" अशी सुरुवात करतात, आणि तसं पाहिलं तर मग कुणीच कुणाला फसवलेलं नसतं. गाडी कागदावर मुलाच्या नावावर होती, मुलाने ती विकली, विषय संपला. माझ्या लेखी तो संपलेला नाही. मी वरवट बकालहून फाटक्या चपलेने नांदुऱ्यात आलो आणि पंप-पाइपांचं दुकान स्वतःच्या जिभेवर उभं केलं. मला कागद वाचता येतो. पण माल हलवताना माणूस तोंडाने काय बोलला, ते मी आधी बघतो. अविनाश काय बोलून गाडी घेऊन गेला, ते मी उभं राहून ऐकलं आहे.

केशवभाऊंच्या आणि माझ्या घरामध्ये एक भिंत. पलीकडे रेल्वेलाइन. त्यांचा सगळा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला. ते ग्रेडर होते. कापसाचं वाहन आलं की कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर कापूस ओढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो हळू ताणायचा आणि भाव ठरायचा. शेतकऱ्याला वाटायचं हा मालकाचा माणूस, मालकाला वाटायचं हा शेतकऱ्यांना फितूर. दोन्हीकडच्या शिव्या खाऊन ते निवृत्त झाले आणि फंडातून त्यांनी गाडी घेतली. गडद निळी, लांब डिकीची. नाव मात्र मुलाचं घातलं.

मी पुढे एकदा म्हटलं, "भाऊ, पैसे तुमचे, नाव त्याचं काऊन?"

"उद्या त्याचीच तर होणार हाय. दोन-दोनदा नाव काऊन बदलाव?"

लोक गाडी चालवायला घेतात, केशवभाऊंनी धुवायला घेतली. महिन्याकाठी एखाद वेळ वहिनींना माहेरी संग्रामपूरला नेऊन आणत, तेवढंच. आणि आले की वहिनी घरात जायच्या आधी हे गाडीभोवती फिरून किडे कुठे चिकटले ते बघत. समोरच्या भागावर ओलं फडकं नुसतं घालून ठेवत. घासायचं नाही. किडा असो की पाखराची शीट, आधी भिजू द्यायची, मग ती आपसूक सुटते. "जबरदस्ती केली का थे जाते, पण रंग संगं घेऊन जाते," म्हणायचे.

त्यांची माझी ओळख भांडणातून झाली. मी नवीन राहायला आलो होतो. भर दुपारी बोअरचा पाइप लावून, कपड्याच्या पावडरचा फेस काढून, जुन्या बनियनने माझी पांढरी गाडी घासत होतो. भिंतीवरून आवाज आला.

"गाडी धुऊन राह्यला का भांडे घासून राह्यला बे?"

मला 'बे' म्हणणारा माणूस तोवर बाजारात उरला नव्हता. माझं टाळकं फिरलं. "गाडी माही, पाणी माह्यं. तुमच्या बापाचं काय जाते?"

"माह्या बापाचं काई जात नाई. गाडीचा रंग जाऊन राह्यला. खारं पाणी हाय आपलं. उन्हात सुकलं का मीठ रंगावर बसते. मंग बसजो खरडत."

आणि हा माणूस न विचारता फाटक उघडून आत आला. खिशातून प्लॅस्टिकची एक पातळ पन्नी काढली, हातात मोज्यासारखी घातली आणि माझ्या बॉनेटवरून बोटं फिरवली. मग ती पन्नी माझ्या हातात चढवली. उघड्या हाताला काचेसारखी लागणारी जागा पन्नीतून खरखरीत लागत होती, बारीक रेती पसरल्यासारखी.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"रेल्वे."

"काय रेल्वे?"

"मालगाडी सिग्नलले बिरेक मारते, तवा लोखंडाचा किस उडते. तुह्या घरावर, तुह्या गाडीवर, तुह्या छातीत. छातीतला निंगत नाई. गाडीतला निंगते."

त्यांनी घरून चिकट मातीचा एक गोळा आणला, गाडीच्या रंगासाठी मिळतो तो. शॅम्पूच्या पाण्याने जागा ओली करून त्यावरून तो अलगद फिरवला. गोळा तपकिरी झाला. मी पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा. माती विकत कोण घेतं? केशवभाऊ पोट धरून हसले. "व्यापारी हायस खरा." तेव्हापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. व्यापारी, बस.

त्यांचा रविवार ठरलेला. ऊन घरामागे असेपर्यंत, पोर्चच्या सावलीत. आधी बॉनेटला तळहात लावून बघायचा, तापलेलं असेल तर चहा प्यायचा आणि थांबायचं. मग नुसतं पाणी सोडून धूळ खाली उतरवायची. शॅम्पूची बादली वेगळी, हातमोजा खळबळायची वेगळी. टपापासून सुरू, खाली येत जायचं. दाराचा खालचा पट्टा आणि चाकं शेवटी, त्यांचं फडकं निराळं. फडकं जमिनीवर पडलं की त्याची नोकरी गेली. ते सायकलकडे जायचं, तिथून फरशीकडे. आणि कापडात सुती काही चालायचं नाही. मऊ, केसाळ, बाजारात गाडीसाठी मिळतात तीच फडकी. मी एकदा चिडवलं, "जिंदगी कापसात काढली भाऊ, आन् आता कापसाशीच बेइमानी?"

"कापसात काय काय राह्यते थे मले इचार ना," ते म्हणाले. "पत्ती राह्यते, सरकीचं टरफल राह्यते. मी बोटानं काढले हायत थे. थेच रंगावर फिरवू का आता?"

खरी गंमत शेवटच्या पाण्याची. आमचा हा सगळा खारपाण पट्टा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, म्हणून पिण्याच्या गोड पाण्याच्या कॅन विकत येतात. केशवभाऊ अख्खी गाडी बोअरच्या पाण्याने धुवायचे, पण सुकू द्यायचे नाहीत, आणि शेवटचा हात कॅनच्या पाण्याचा द्यायचे. वरून सावकाश ओतायचं, पाणी चादरीसारखं उतरलं पाहिजे. शांतावहिनी दारात उभ्या राहून कपाळाला हात लावायच्या.

"पाहुणे आले का चहा बोअरच्या पाण्याचा, आन् गाडीले कॅन! लगन माह्याशी केलं का हिच्याशी?"

"तुह्यावर डाग पडत नाई ना," केशवभाऊ म्हणायचे.

"पडले असते तं पाह्यले असते का?"

मग पुसलेल्या गाडीवर वॅक्स. जरासं घ्यायचं, इतकं पातळ लावायचं की लावलंय असं वाटू नये. माझ्या हाताला घाई, मी बोटभर थापायचो. ते माझ्या मनगटावर चापट मारायचे. मला. बाजारात चार माणसं मला बघून रस्ता बदलतात, आणि मी ती चापट खाऊन घ्यायचो. का, ते मला सांगता येत नाही. सांगावंसंही वाटत नाही.

एकदा कॉलनीतल्या एका लग्नात नवरदेवासाठी गाडी मागितली. केशवभाऊंना नाही म्हणता येईना. हो म्हणाले, पण अट घातली: चिकटपट्टी लावायची नाही. फुलं दोऱ्याने बांधा, आणि दोरा मी बांधणार. वरातीत सगळे नाचत असताना हा माणूस गाडीच्या बाजूने चालत होता, गुलाल उधळणाऱ्यांना हाताने लांब ढकलत. कुणी बॉनेटवर हात टेकला की हाकलायचा. नवरीकडच्या एका पाहुण्याने ड्रायव्हर समजून त्यांना टोपी आणि उपरणं दिलं. मी पुढे होऊन सांगणार होतो, त्यांनी डोळ्याने गप्प केलं. मला मागाहून म्हणाले, "ड्रायव्हर म्हनला का लोक गाडीपासून लांब राह्यतात. मालक म्हनला का म्हनतात, भाऊ, एक फोटो काढू द्या."

आणि सौदा. गाडी मला पाहिजे होती. लपवत नाही. तशी ठेवलेली गाडी अख्ख्या तालुक्यात नव्हती आणि चांगला माल बघून माझे हात शिवशिवतात. दर रविवारी वॅक्स झालं की मी बोली लावायचो. मी खोट काढायचो, ते खोडून काढायचे. मी म्हणायचो, टायर म्हातारे झाले. ते म्हणायचे, तू पण. शेवटी एका रविवारी त्यांनी फडकं पिळता पिळता सांगितलं, "मी हावो तवर बोलू नको. मंग गाडी तुले. अविनाशले सांगून ठेवलं हाय. त्याले पुण्यात हिचं काई नाई. तू निदान उन्हात धुणार नाई." वहिनी तिथेच होत्या. हा शब्द झाला. माझ्या धंद्यात यापेक्षा पक्कं काही नसतं.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ऑपरेशनला ते भीत होते. फाटकाच्या खांबाला आरसा घासला, तेव्हा मीच ओरडलो होतो की भाऊ, आता गाडी चालवू नका. त्यांनी ऐकलं. त्यानंतर गाडी पोर्चमधून हलली नाही, धुणं मात्र चालू. दिसत कमी होतं, पण त्यांचं काम बोटांवर होतं. त्यामुळे अविनाशला काळजी वाटली, म्हाताऱ्याने पुन्हा किल्ली फिरवू नये असं वाटलं, हे मला मान्य आहे. तेवढं मी त्याच्या बाजूने मोजतो. त्याहून जास्त मोजणार नाही.

तो दिवाळीला आला. मी फराळाला गेलो होतो. अविनाश गाडीला पाठ टेकून उभा होता, पँटच्या मागच्या बटणासकट. केशवभाऊ बघत होते आणि बोलत नव्हते. मुलाला ते कधी बोलले नाहीत.

"बाबा, पुण्यात एक नवीन प्रकार आलाय," अविनाश म्हणाला. "सिरॅमिक कोटिंग. काचेसारखा थर बसतो. खारं पाणी पडलं तरी डाग धरत नाही. वॅक्सची गरजच नाही. मी करून आणतो ना. तुम्हाला दर रविवारी वाकायला नको."

केशवभाऊंनी मोबाइलवर कोटिंगचे व्हिडिओ कितीदा तरी बघितले होते. नांदुऱ्यात ते करणारा कुणी नव्हता. विमानतळ बघायला निघालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला. "आधी माती फिरवा लागते," ते म्हणाले. "किस निंगाला पाह्यजे, नाई तं थराखाली दबून राह्यन."

"सगळं करतात ते, बाबा."

"पॉलिश जास्त नको म्हनजो. वरचा थर पातळ असते."

"सांगतो."

जाताना त्यांनी स्वतःची दोन फडकी घडी करून डिकीत ठेवली. तिथल्यांची कशी असतात कोण जाणे, म्हणून. अविनाशने गाडी फाटकाबाहेर काढली. केशवभाऊ तळहाताने डोळ्यांवर सावली करून वळणापर्यंत बघत राहिले.

मग फोन. पहिल्यांदा अविनाश म्हणाला, नंबर लागलाय. मग म्हणाला, काम चालू आहे. मग म्हणाला, थर मुरायला वेळ लागतो. केशवभाऊ मला भिंतीवरून विचारायचे, "व्यापारी, इतके दिवस लागतात का रे? व्हिडिओत तं आठवड्यात म्हनतात." मी म्हणायचो, पुण्यातली माणसं, दहा जणांचं काम अंगावर घेतात. ते मान हलवायचे. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपणहून सांगायचे, "गाडी कोटिंगले गेली. पुण्याले." पोर्चची फरशी दर रविवारी धुऊन ठेवायचे. थर नवा असला की खालचा चिखल उडू नये.

मला अकोल्याला पंपांच्या कंपनीकडे काम होतं. बायपासवर जुन्या गाड्यांचं एक आवार आहे. तिथे रस्त्याला तोंड करून ती निळी गाडी उभी होती. नंबर आमचाच. भर उन्हात एक माणूस बोअरचा पाइप सोडून ती धूत होता, आणि धुऊन तशीच सुकायला सोडत होता. बॉनेटवर पांढरी वर्तुळं उमटली होती. मग त्याने खांद्यावरचं सुती फडकं काढलं आणि कोरडंच गरागरा फिरवायला सुरुवात केली. मी गाडीतून उतरलो तो ओरडतच.

आवारवाला तरुण होता, तोंडाने गोड. "मस्त पीस है भाईसाब. एक बुजुर्ग की थी. चलाते कम, धोते ज्यादा थे. लड़का दिवाली में यहीं बेच गया, बोला, पापा ने बच्चे जैसी रखी."

म्हणजे बापाचे रविवारसुद्धा त्याने मालाच्या गुणात लावून विकले. विकत घेणाऱ्याला खरं सांगितलं. खोटं फक्त बापाशी.

मी म्हटलं, गाडी मी घेतो. सौद्यात पहिलं तोंड उघडायचं नाही, मालाकडे बघायचंसुद्धा नाही, हे मी कित्येकांना शिकवलं आहे. त्या दिवशी मला खोट काढता येईना. माझे हात बॉनेटवर होते आणि त्याने ते बघितले होते. पण खोट काढूनही उपयोग नव्हता. "बयाना हो गया. वाशिम की पार्टी है. कल ले जाएगी." मी वर चढत गेलो. तो मान हलवत राहिला. "जबान दे दी, भाईसाब." मी त्याला शिव्या दिल्या, पण मनातून मला तो माणूस पटला. तो धंदेवाला होता.

तिथूनच अविनाशला फोन लावला. तो म्हणाला, "काका, त्यांना दिसत नाही. उद्या कुणाला उडवलं असतं तर तुम्ही येणार होतात का निस्तरायला?"

"मंग विकतो म्हनून सांगायचं. कोटिंग काऊन म्हनला?"

"दुसरं काही म्हटलं असतं तर किल्ली दिली असती का त्यांनी?"

मी काही बोलणार, तेवढ्यात तो हसला. "आणि खरं सांगा काका, तुम्हाला गाडी हवी होती. म्हणून चिडलाय ना?"

"हाव," मी म्हटलं. "पाह्यजे होती. तुह्या बापानं शब्द देला होता. दिवाळीले मले इचारलं असतं, तं मी चार लोकांसमोर घेऊन त्याच पोर्चच्या बाजूले उभी केली असती. बुढ्ढ्यानं भिंतीवरून हात घालून पाह्यली असती. तुले नाई समजणार." त्याने फोन ठेवला होता. किती ऐकलं, माहीत नाही.

नांदुऱ्याला आल्यावर मी सरळ केशवभाऊंकडे गेलो आणि सांगितलं. गोड करून सांगायची मला सवय नाही. अकोल्याला आवारात उभी आहे, विकली गेली, उद्या वाशिमला जाते. वहिनी भांडी ठेवून बाहेर आल्या. केशवभाऊ खाटेवर बसले होते. त्यांनी बोटं बोटांवर चोळली.

"तथी कोणत्या पाण्यानं धुतात?" त्यांनी विचारलं.

"बोअरच्या."

"सुकवतात?"

"नाई."

"बरं," ते म्हणाले. मुलाबद्दल एक अक्षर नाही. वहिनी मात्र पदरात तोंड घालून म्हणाल्या, "मागतली असती तं देली असती ना हो. आजवर कोणतं नाई म्हनलं त्याले?" केशवभाऊ त्यांच्यावर खेकसले, "तू गप्प राह्य." मी त्यांना वहिनींवर ओरडताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

थोड्याच दिवसांत अविनाशने दोघांना पुण्याला बोलावून घेतलं. डोळ्याचं ऑपरेशन करू, इथेच राहा म्हणाला. स्टेशनला जायला ऑटो आला, तेव्हा मी सामान ठेवायला गेलो. केशवभाऊ स्वच्छ धोतर, टोपी घालून फाटकात उभे होते. कोपऱ्यावरचा पीठचक्कीवाला सहज थांबला. "भाऊ, ऑटोनं? गाडी कोठी हाय?"

आता हा माणूस बोलेल, एकदा तरी बोलेल, असं वाटलं. खरं सांगायला त्याच्याजवळ दुसरी वेळ उरली नव्हती.

"कोटिंगले देली हाय, पुण्याले," केशवभाऊ म्हणाले. "बारीक काम असते. येळ लागते." वर हसले. माझ्याकडे बघितलं नाही. चक्कीवाल्यालाही सगळं माहीत होतं. कॉलनीत कुणाला माहीत नव्हतं? तो खाली मान घालून "हाव, हाव" म्हणत निघून गेला. केशवभाऊ चाचपत ऑटोत बसले, वहिनींनी त्यांचा हात धरून पाय आत घेतला आणि ऑटो रेल्वे फाटकाकडे वळला. त्यानंतर मी त्यांना बघितलेलं नाही.

अविनाश, हे कुणीतरी तुला वाचून दाखवेल, याची मी सोय करतो. गाडीचं सोड. ती तुझ्या नावावर होती. काळजीपोटी विकली असशील, तेही सोड. तुझा बाप आज तुझ्या फ्लॅटमध्ये बसून, कुणी विचारलं तर तुझं खोटं स्वतःच्या तोंडाने बोलत असणार, आणि ते तुझं नाव राखण्यासाठी. ते त्याला का बोलावं लागतं? मला उत्तर देऊ नको, मी कोण? त्याच्यासमोर खुर्ची ओढून बस, आईलाही बोलाव, आणि त्याला उत्तर दे. तो अजून ऐकू शकतो, तोवर दे.